मागून कोण धरणार?

रोझरी म्हणजे आम्हा कॅथलिकांची माळेवरची प्रार्थना. ती ज्यांनी कधी ऐकली नसेल त्यांच्यासाठी आधी तिची रचना सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. माळेत दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात आणि प्रत्येक लहान मण्याला एक ‘नमो मारिये’. ही प्रार्थना मधोमध दुभागलेली आहे. पहिला अर्धा भाग एकजण म्हणतो. तो देवदूताने आणि एलिझाबेथने मरियेला, येशूच्या आईला, केलेला नमस्कार. दुसरा अर्धा बाकीच्यांनी मिळून म्हणायचा, आणि मागणं सगळं त्यात: आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि मरणाच्या वेळीही. दहा मणी झाले की सांगणारा बदलतो. प्रत्येक दहाला एक ‘रहस्य’, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग, मनात धरायचा. सोमवारी-शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये घातली, त्यामुळे माझ्या आजीला ती शेवटपर्यंत ‘नवीन’च वाटत राहिली.

एकट्याने रोझरी म्हणता येते. एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, झोप येत नसेल तर अंथरुणात माणसं म्हणतातच. पण मग दोन्ही बाजू आपल्यालाच ओढाव्या लागतात. हरिपाठाला मागून धरणारे टाळकरी आले नाहीत तर बुवांची जी गत होते, तीच.

सांगलीत आमच्या मागून धरणारे कधीच फार नव्हते. वडील श्रीरामपूरकडचे. साखर कारखान्यात फिटर म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. नगर जिल्ह्यात मराठी कॅथलिकांची गावंच्या गावं आहेत. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते तेव्हा पायी आलेल्या, ट्रॅक्टरमधून आलेल्या माणसांत आपण कोण कुठले हे विचारायची कुणाला गरज पडत नाही. लहानपणी आम्ही दरवर्षी जायचो. परत येताना आई हमखास गप्प व्हायची, कारण सांगलीत उतरलं की पुन्हा तीच चार घरं आणि तोच एक फादर, त्यांनाही दूरदूरच्या वस्त्या सांभाळायच्या.

इथे ख्रिस्ती म्हटलं की लोकांना मिरज आठवतं, आणि मिरज म्हटलं की वानलेस. डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेलं ते हॉस्पिटल प्रेस्बिटेरियन मिशनचं. त्याच्या अवतीभवती वाढलेला समाज प्रोटेस्टंट, गाण्यात तरबेज, बायबल तोंडपाठ. त्यांच्यात आम्ही पाहुण्यासारखे. माळ, मूर्ती, मेणबत्त्या या गोष्टींवरून शाळेतल्या मिरजकर मैत्रिणींनी माझी भरपूर चौकशी केलेली आहे. हिंदू शेजाऱ्यांना मात्र यात काहीच वावगं वाटलं नाही. गळ्यात माळ, घरात आईची मूर्ती, समोर दिवा. त्यांच्या मते आम्ही अगदी समजण्यासारखे ख्रिश्चन होतो.

तर अशा घरातून मी दुबईला गेले, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून. आध्यात्मिक असं काही डोक्यात नव्हतं. शामरावनगरच्या घराचं कर्ज होतं आणि धाकट्याचं इंजिनिअरिंग व्हायचं होतं. सांगली जिल्ह्याला बाहेर जाण्याचं अप्रूप नाही. विटा-खानापूरकडची गलाईवाली माणसं सोनं गाळायला देशाच्या कानाकोपऱ्यात जाऊन बसली आहेत. मी विमानाने गेले, इतकाच काय तो फरक.

करामामध्ये एका खोलीत चौघी, बेडस्पेस, म्हणजे भाडं फक्त खाटेपुरतं. पहिल्या आठवड्यात कळलं की इथला रविवार शुक्रवारी येतो. तेव्हा शुक्रवार-शनिवार सुटी असायची (2022 पासून ती शनिवार-रविवार झाली), म्हणून रविवारची मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना, शुक्रवारीच व्हायची. ऊद मेथाच्या सेंट मेरीज चर्चला मी पहिल्यांदा गेले ते गर्दीच्या मागोमाग. घंटा ऐकू येईल म्हणून कान देऊन चालले होते, पण तिथे घंटा वाजत नाही. मेट्रोतून उतरलेली माणसं एकाच दिशेने निघाली की समजायचं. या चर्चसाठी 1960च्या दशकात शेख रशीद यांनी जमीन दिली. आत एक मिस्सा संपते तोवर दुसरीची माणसं दारात उभी: इंग्रजी, मल्याळम, कोकणी, टागालोग, तमिळ, उर्दू, अरबी. सांगलीत फादर ‘आज कोण कोण आलं नाही’ हे नजरेने मोजायचे. इथे हजारांतून कोण आलं नाही हे मोजायचं कुणी? मला ते आवडलंही. कुणी विचारणारं नाही म्हणजे सुटी.

सुटी फार टिकली नाही. लॅबशेजारच्या वॉर्डात एक मल्याळी सिस्टर होत्या, चेंगन्नूरच्या. सगळे त्यांना चेची म्हणत, मीही म्हणायला लागले. त्यांनी माझ्या गळ्यातली माळ बघितली आणि सरळ विचारलं, ‘गुरुवारी संध्याकाळी ड्यूटी आहे?’ नाही म्हटल्यावर पत्ता दिला. पुढे कळलं, त्यांच्या प्रार्थनागटातली एक बाई कायमची गावी गेली होती आणि पाच रहस्यांना पाच सांगणारे पुरत नव्हते. मला बोलावलं ते माझा एकटेपणा बघून वगैरे नव्हे. एक जागा रिकामी होती. मला वाटतं, यापेक्षा चांगलं बोलावणं नसतं. कीव करून बोलावलं की माणूस दोनदा जातो आणि तिसऱ्यांदा डोकं दुखतं म्हणतो. जागा भरायला बोलावलं की जावंच लागतं.

गट असा: चेची आणि त्यांचे अबोल यजमान. मंगळूरचे एक अंकल-आंटी. ते शिपिंग कंपनीत, कोकणी बोलणारे. दोन तमिळ मुलं, एसी दुरुस्तीवाली, सोनापूरच्या कामगार वस्तीत राहणारी. बसचं जमलं तर यायची. एक गोव्याची टायपिस्ट. आणि एक फिलिपिनो बाई, टाक्लोबानची, एका घरात कामाला. तिला सगळे आते म्हणत, त्यांच्यात मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. मराठी एकटी मीच.

प्रार्थना सुरू झाली की कान किटायचे. सांगणारा स्वतःच्या भाषेत सांगणार, बाकीचे आपापल्या भाषेत उत्तर देणार. मल्याळम लांबट, कोकणी तुरुतुरु, तमिळ मुलं अर्धा स्वर मागे, टागालोगमध्ये मधूनच ‘मारिया’ एवढंच कळायचं. पहिल्या दोन गुरुवारी मला हसू आवरेना. मग हळूहळू लक्षात आलं की शब्द वेगळे असले तरी थांबा एकच आहे. येशूचं नाव आलं की पहिला अर्धा संपतो, आमेन आलं की दुसरा. तेवढ्या दोन खुणा धरल्या की कुणाच्याही मागून धरता येतं. अंकल मात्र तेवढाही अवकाश द्यायचे नाहीत. त्यांचा ‘नमो मारिये’ म्हणजे कोयना एक्सप्रेस सुटायच्या वेळी फलाटावर धावणारा माणूस. आमचं आमेन व्हायच्या आत त्यांचा पुढचा मणी सुरू. मला ते फार खटकायचं. भक्ती अशी उरकायची असते का, असं मी चेचींना एकदा म्हटलंही. त्या म्हणाल्या, ‘गेली कित्येक वर्षं उरकतायत. पण एक गुरुवार चुकवलेला नाही.’

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. या माणसांशी मी एरवी मैत्री केली नसती. चेची उपदेश करायच्या, आंटी पगार विचारायच्या, गोव्याच्या टायपिस्टला माझी आमटी तिखट लागायची आणि ती तसं सांगायची. मैत्रीत आपण आपल्यासारखी माणसं निवडतो. प्रार्थनेच्या गटात निवडायची सोय नसते, आणि माझ्या मते त्यातच त्याचं बळ आहे. दोघं-तिघं माझ्या नावाने जमतील तिथे मी आहे, असं येशू मत्तयच्या शुभवर्तमानात म्हणतो. ते दोघं-तिघं एकमेकांना आवडणारे असावेत अशी अट त्याने घातलेली नाही. श्रद्धा ही खासगी बाब आहे असं हल्ली सगळेच म्हणतात, बऱ्याच वेळा चांगल्या हेतूने. कॅथलिक माणसाचं त्यावर भागत नाही. आमची मिस्सा, आमची माळ, आमचं मरणसुद्धा कुणीतरी उत्तर देईल या भरवशावर रचलेलं आहे.

आतेचं सांगायचं राहिलं. घरकामगारांना आठवड्याला एक सुटी मिळावी असा कायदा तिथे 2017 मध्ये झाला. तिच्या मालकिणीच्या घरी तो उशिरा पोचला, असं आपण म्हणू. महिन्यातून एखादा गुरुवार ती प्रत्यक्ष यायची, बाकीचे फोनवर. चेची फोन टेबलावर, मरियेच्या मूर्तीशेजारी ठेवायच्या. पलीकडून भांड्यांचा आवाज, लहान मुलाचं रडणं, नळाचं पाणी. आतेचा आवाज क्वचित. पण दर दहा मण्यांनंतर ती फोनच्या माइकवर नखाने एकदा टकटक करायची: मी आहे. ती टकटक ऐकल्याशिवाय चेची पुढचं रहस्य सुरू करायच्या नाहीत. अंकलसुद्धा तेवढ्यापुरते थांबायचे.

डिसेंबरात हीच आते आम्हाला ‘सिंबांग गाबी’ला घेऊन जायची. नाताळच्या आधी नऊ दिवस फिलिपिनो लोक पहाटेची मिस्सा करतात. आखातात ती कामाच्या वेळांमुळे संध्याकाळी होते. चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा नसते आणि तरी प्रत्येकाच्या हातात कुणासाठी तरी खाण्याचा डबा असतो. मी भडंग न्यायची. सांगलीचं भडंग फिलिपिनो समाजात भलतंच लोकप्रिय झालं, त्याचं श्रेय मी घेते.

5 फेब्रुवारी 2019 ला पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीत मिस्सा केली. अरबी द्वीपकल्पात पोपनी केलेली ती पहिलीच. माणसं सुमारे 1,80,000 होती म्हणतात. तिकीट असलेल्यांना सुटी जाहीर झाली, चर्चमधून मध्यरात्रीच बस सुटल्या. आतेलाही त्या दिवशी सोडलं. प्रवचन येशूने डोंगरावर सांगितलेल्या धन्यवचनांवर होतं. घरापासून लांब राहणं सोपं नाही, हेही ते बोलले, आणि आमच्या रांगेतल्या तमिळ मुलांनी इअरफोनशिवायच मान हलवली. मध्यस्थीच्या प्रार्थना कोकणी, मल्याळम, टागालोग, उर्दू अशा भाषांतून झाल्या. मराठी नव्हती. अंकल माझ्याकडे वळून म्हणाले, ‘कोकणी आहे, तेवढ्यावर भागव.’ भागवलं.

त्याच वर्षीचा ऑगस्ट सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं शामरावनगर म्हणजे सखल भाग. आई-वडील शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर गेले एवढं कळलं आणि फोन बंद झाला. 8 तारीख, गुरुवार. ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी त्याच दिवशी आली. मी लॅबमध्ये नमुन्यांवर लेबल लावत होते आणि दर दोन मिनिटांनी वडिलांचा नंबर फिरवत होते.

संध्याकाळी चेचींकडे गेले ती रडायला. त्यांनी रडू दिलं नाही. त्यांचं चेंगन्नूर आदल्याच वर्षी, 2018 च्या ऑगस्टमध्ये पाण्याखाली गेलं होतं. समोर बसवून त्यांनी यादी सुरू केली. गॅसचं सिलिंडर बंद करून बांधून ठेवलं होतं का? कागदपत्रं वर नेली का? पाणी उतरल्यावर आधी काठीने साप बघायचे, मग आत पाय टाकायचा. चिखल ओला आहे तोवरच ढकलून काढायचा, एकदा वाळला की फावड्यालाही दाद देत नाही. पायाला जखम असेल तर लेप्टोचा धोका, डॉक्सीसायक्लिनचं डॉक्टरांना विचारायचं. मी कागदावर लिहून घेत होते. लिहिताना हात थरथरायचा थांबला. तेवढ्यात फोनवरून आते बोलली. टाक्लोबान म्हणजे 2013 च्या योलांडा वादळातलं गाव. ती म्हणाली, ‘लोकांना पाणी दिसतं. नंतरचा वास कुणी सांगत नाही. तुझ्या आईला नाकाला बांधायला कापड लागेल.’

मग माळ. पहिलं रहस्य सांगायची पाळी माझी होती. गुरुवार, म्हणजे प्रकाशाची रहस्यं, आणि त्यातलं पहिलं येशूचा बाप्तिस्मा, यार्देन नदीत. मी ‘नदीत’ म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना. कृष्णेचा पूर डोळ्यांसमोर, त्यात बोट. दोन-तीन सेकंद गेले असतील. अंकलनी सुरू केलं, त्यांच्या त्या नेहमीच्या धावत्या कोकणीत. कुणाकडे बघितलं नाही, घसा खाकरला नाही, माझी पाळी आपण घेतली याची काही जाणीवही दाखवली नाही. खडाखड दहा मणी. बाकीचे मागून धरत गेले आणि सहाव्या-सातव्या मण्याला माझाही आवाज दुसऱ्या अर्ध्यात मिसळला. त्या वेगात विचार करायला जागाच नव्हती. इतकी वर्षं तो वेग कुणाच्या उपयोगी पडत असेल, हे त्या दिवशी मला समजलं.

दोन दिवसांनी वडिलांचा फोन लागला. घरात छातीइतकं पाणी होतं, माणसं सुखरूप.

गटाचा एक बिस्किटांचा डबा होता, त्यात जो तो जमेल ते दिरहम टाकायचा. तो चेचींनी माझ्यासमोर उघडला आणि अट घातली: आधी तुमच्या शेजारचे, मग तुम्ही. म्हणून त्या पैशातून आमच्या गल्लीत दोन शेगड्या, चटया आणि एका शाळकरी मुलीची पुस्तकं आली. तिच्या आजीने आईला विचारलं, पाठवणारे कोण? आईने काय सांगावं! केरळचे, मंगळूरचे, फिलिपाइन्सचे, आणि राहतात दुबईत. आजी म्हणाली, ‘म्हणजे तुमच्यातलेच की.’

या सगळ्यावर गोड पाणी फिरवायचं नाही. सोनापूरची मुलं आणि शिपिंगमधले अंकल एकाच सोफ्यावर बसायचे, पण आंटी चहा देताना त्या मुलांना काचेचे पेले द्यायच्या आणि आम्हाला कप. चेचींनी एकदा सगळेच कप कपाटात ठेवून सर्वांना पेल्यात चहा दिला. आंटी आठवडाभर बोलल्या नाहीत. मग पुढच्या गुरुवारी आल्या, कारण चौथं रहस्य त्यांचं होतं. परदेशातल्या चर्चमध्ये सगळे एक होतात असं आपल्याकडे पत्रांतून लिहिलं जायचं. मी तरी तसं लिहिणार नाही. तरी माणसं परत यायची, आणि परत आल्यावर भांडण जुनं झालेलं असायचं.

2020 च्या मार्चमध्ये चर्च बंद झालं, मिस्सा पडद्यावर आली. गट फोनवर गेला. आता सगळेच आते झाले: प्रत्येकाच्या मागे भांडी, पोरं, नळ. गटातली माणसं एकेक करून आपापल्या देशांत परतू लागली. वडिलांची तब्येत ढासळली तशी मीही आले.

आता सांगलीत, विश्रामबागला. इथे मी काय करते असं कुणी विचारलं तर सांगते, खुर्च्या गोळा करते. मिरजेच्या हॉस्पिटलांमध्ये केरळच्या नर्स मुली पुष्कळ आहेत, पीजीत राहणाऱ्या, कुणाशी न बोलणाऱ्या. चेचींचा प्रश्न मी तसाच्या तसा उचलला: शनिवारी संध्याकाळी ड्यूटी आहे? तीन मुली आल्या. वसईहून बदली होऊन आलेलं एक बँकेतलं जोडपं आलं. आई आहेच. आईला चार भाषांतला गोंधळ अजून पचत नाही. ‘देवाला तरी कळतंय का?’ असं ती दर शनिवारी विचारते आणि मग सगळ्यात मोठ्याने मागून धरते. वसईच्या दादांचं म्हणणं, सगळं ऑनलाइन करू, पेट्रोल वाचेल. मी नाही म्हटलं. ज्याला येता येत नाही त्याच्यासाठी फोन. ज्याला यायचा कंटाळा आहे त्याच्यासाठी नाही. यावरून आमचा वाद अजून चालू आहे.

शेजारी मिरजेच्या एक निवृत्त सिस्टर राहतात, पक्क्या प्रोटेस्टंट. मी त्यांना मावशी म्हणते. एका शनिवारी साखर मागायला आल्या आणि बसल्या. तेव्हापासून येतात. दहा मण्यांच्या आधीची प्रभूची प्रार्थना आली की खणखणीत आवाजात म्हणतात, नंतरचा ‘पित्याचा गौरव’ म्हणतात, आणि मधले दहा मणी तोंड घट्ट मिटून बसतात, हातात माळ नाही, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मरियेकडे मध्यस्थी मागणं त्यांना पटत नाही आणि त्या तसं स्पष्ट सांगतात. गेल्या शनिवारी नर्स मुलींना ड्यूटी लागली, वसईचे गावाला गेले. आई आणि मी, दोघीच. मी म्हटलं, ‘मावशी, आज राहू द्या, माणसंच नाहीत.’ त्यांनी चष्मा पुसला. ‘मी बसले आहे ना,’ म्हणाल्या. ‘तुमचं ते तुम्ही म्हणा. मोजायचं काम मी करते. मागच्या वेळी तुझी आई अकरा म्हणाली होती.’